सुगंधावहिनींची दाढ

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला काय झालंय हे त्या माणसाच्या आधी बाकीच्यांना कळतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात सगळीकडेच थोडंफार असं असेल, पण आमच्याकडे ही सेवा जरा जास्तच तत्पर आहे, कारण आमचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश. गच्चीची गळती, पाण्याचा पंप आणि लोकांची दुखणी या तीन खात्यांवर त्यांचं जातीनं लक्ष असतं. पहिल्या दोन खात्यांत अजून यश हाती लागलेलं नाही, म्हणून सगळा उत्साह तिसऱ्यात जातो.

तर एका सकाळी ते पंप चालू करायला खाली उतरले, तेव्हा जिन्याखाली उभ्या राहून सुगंधावहिनी फोनवर बोलत होत्या.

"हो गं, इम्प्लांट काढायचंच म्हणतेय. उजवीकडचं दुखतं. डावं तसं बरं आहे, पण डॉक्टर म्हणालीच ना, काढायचं तर दोन्ही काढू."

चंद्रप्रकाशनी पंपाचं बटण दाबलं आणि वर येता येता प्रत्येक मजल्यावर बातमी सोडत आले. टाकीत पाणी पडायच्या आत बातमी गच्चीवर पोचली. सुगंधावहिनींच्या दोन दाढा जाणार!

शंकेला जागाच नव्हती. एक तर आमच्या भागात इम्प्लांट म्हटलं की दात. दर नाक्यावर हसऱ्या बाईच्या फोटोची एक पाटी आहे. दुसरं म्हणजे वहिनींचा धंदा. त्या साडी नेसवतात. नवरीला नऊवारी अशी बसवतात की ती होमासमोर बसली, उठली, सप्तपदी चालली आणि रात्री डीजेसमोर नाचली तरी निरी जागची हलत नाही. हे सगळं टाचण्यांवर चालतं, आणि वहिनींच्या टाचण्या डबीत नसतात, दातांत असतात. बोलणंही त्या टाचण्यांच्या फटीतूनच. "हात वर कर. श्वास घे. सोड. अगं, एवढा नको सोडू, लग्न व्हायचंय अजून!" तेव्हा जिन्यातल्या जिन्यात सर्वानुमते निदान झालं, की इतकी वर्षं दातांत लोखंड धरल्यावर दाढा दुसरं काय करणार?

खरं काय ते बिल्डिंगमध्ये वहिनींच्या नवऱ्याशिवाय फक्त माझ्या बायकोला, मृणालिनीला, ठाऊक होतं. ती तेव्हा अंधेरीला ऑफिसात होती आणि फोनवर पलीकडे तीच होती. मला तिनं सांगितलं नाही. "तुला सांगणं आणि चंद्रप्रकाशना सांगणं यात फक्त पंपाचा फरक आहे," असं ती नंतर म्हणाली. मी वाचकांना असं ताटकळत ठेवणार नाही. वहिनींचे इम्प्लांट दातांचे नव्हते. छातीचे होते.

वीस वर्षांपूर्वी वहिनी घाटकोपरला साडीच्या दुकानात नोकरीला होत्या. गिऱ्हाइकाला साडी आवडली की ती आपल्या अंगावर टाकून आरशासमोर उभं राहायचं, हे काम. वहिनींच्या अंगावर साडी पडली की गोणपाटसुद्धा विकलं जाईल, असं दुकानाचे मालक म्हणत. पण वहिनींना आरशात एक गोष्ट खुपायची. दोन मुलं झाली, त्यांचं दूध सुटलं, आणि ब्लाऊजमध्ये पूर्वी जे होतं ते राहिलं नाही. नवऱ्यानं कधी काही म्हटलं नव्हतं, दुकानात कुणी म्हटलं नव्हतं. खुपायचं ते त्यांनाच. एक दिवस त्यांनी ठरवलं आणि करून टाकलं.

"लोक हौसेनं पाटल्या करतात," त्या सांगतात. "पाटल्या कपाटात पडून राहतात. माझी हौस निदान रोज माझ्याबरोबर कामाला तरी जायची."

तेव्हा त्यांनी नवऱ्याला विचारलं होतं. दशरथराव म्हणजे एक प्रकरण आहे. मूळ कुडाळकडचे. जन्मभर इथल्याच एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. एक बोल्ट मागितला तर एकच बोल्ट द्यायचा, वर एक वॉशरही नाही, ही तिथली शिस्त त्यांनी शब्दांनाही लावली. बायकोनं सगळं समजावून सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "दुखूचा नाय मां?"

दुखणार नाही ना, एवढंच. नको म्हणाले नाहीत, कशाला म्हणाले नाहीत, आणि लोक काय म्हणतील हे तर त्यांच्या स्टोअरमध्ये कधी आलेलंच नव्हतं.

वहिनी त्यानंतर महिनाभर कुडाळला राहून परत आल्या, तेव्हा बिल्डिंगच्या बायकांनी त्यांच्याकडे नीट बघितलं आणि तेव्हाही निदान केलं, की गावची हवा मानवली. उकडे तांदूळ आणि नारळाचा रस! आमच्या तळमजल्याच्या जयंतीकाकूंनी तर कुडाळहून येणाऱ्या एसटीनं तांदळाचं पोतं मागवून घेतलं. या बिल्डिंगमध्ये वहिनींचं निदान दोनदा झालं आणि दोन्ही वेळा एकमतानं चुकलं, हे लक्षात ठेवावं.

आपल्या त्या दोन इम्प्लांटना वहिनी 'पाहुण्या' म्हणत. पाहुण्यांना घेऊन त्यांनी दुकान सोडलं, स्वतःचा धंदा काढला, नाक्यावर फ्लेक्स लावला. 'सुगंधा साडी नेसवणी', आणि शेजारी अंजिरी पैठणीत स्वतः वहिनी, कमरेवर हात. तो फ्लेक्स बघून रिक्षावाले पत्ता सांगतात. "साडीवाल्या मावशीच्या इथून लेफ्ट."

मला त्यांचं कौतुक त्या फ्लेक्सपेक्षा त्यांच्या कामाचं जास्त. लग्नघरात सगळे आरडाओरडा करत असतात, नवरी रडकुंडीला आलेली असते. कुणी जाड, कुणी काटकुळी, कुणाचा एक खांदा खाली. प्रत्येकीला आरशात नेमकं तेवढंच दिसत असतं. वहिनी दार लावून घेतात, तोंडातल्या टाचण्या काढून हातात धरतात (हे फक्त या एका वाक्यासाठी) आणि म्हणतात, "हे बघ पोरी, साडी अंगाला बसवायची असते. अंग साडीला बसवायचं नसतं." मग टाचण्या परत दातांत. बाहेर येते ती नवरी वेगळीच असते.

मागच्या वर्षी पावसाळ्यानंतर उजवी पाहुणी रुसली. आधी नुसती आखडली, मग कडक झाली, मग हात वर केला की कळ. साडी नेसवणाऱ्या बाईचा हात वर जाईना म्हणजे गवयाचा गळा बसल्यासारखं. मृणालिनी त्यांना मुलुंडला डॉक्टर ऋता सबनीसांकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं, की उजवीकडचं आतल्या आत फाटलंय, पण जे गळलंय ते भोवतीच्या आवरणातच राहिलंय.

"म्हणजे आमच्या बिल्डिंगसारखं," वहिनी म्हणाल्या. "आत गळती, बाहेरून रंग झकास."

"घाबरायचं कारण नाही," डॉक्टर हसून म्हणाल्या, "पण ठेवायचंही कारण नाही. विचार करायला वेळ घ्या. फक्त विचार करण्यातच वर्ष घालवू नका."

काढायचं इतपत ठरलं. प्रश्न होता पुढे काय. जुन्या काढून नव्या बसवता येत होत्या. काढून, आहे ते थोडं वर ओढून शिवता येत होतं. किंवा नुसत्या काढायच्या आणि बस्स.

"नुसत्या काढल्या तर पहिल्यासारखी होईन का मी?" वहिनींनी विचारलं.

"नाही. कातडी इतकी वर्षं ताणलेली आहे, थोडी सैल पडेल. वीस वर्षांपूर्वीच्या तुम्ही परत येणार नाही आणि आत्ताच्याही राहणार नाही."

"मग कशी दिसेन?"

"चोपन्न वर्षांच्या बाईसारख्या."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या, "ते तर मी अजून बघितलंच नाहीय."

त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून एक हट्टही नेला होता, की सगळं आवरणासकट अख्खंच्या अख्खं बाहेर आलं पाहिजे. डॉक्टर म्हणाल्या, "फाटलेल्या बाजूचं आवरण जमेल तितकं पूर्ण काढू आणि तपासायला पाठवू. दुसऱ्या बाजूचं आत बघून ठरवू. तुमचा हट्ट नको आणि माझाही नको. आत जे दिसेल त्याचं ऐकू." हे वहिनींना पटलं. त्याही ब्लाऊज बघितल्याशिवाय साडीबद्दल बोलत नाहीत.

पण नव्या बसवायच्या की नाही, हे काही ठरेना. येताना रिक्षात त्या मृणालिनीला म्हणाल्या, "नव्या घेतल्या तर पंधरावीस वर्षांनी परत हेच. सत्तरीत कोण टेबलावर झोपणार? आणि नाही घेतल्या तर नाक्यावरची ती बाई कोण?" रिक्षा नेमकी फ्लेक्सखालून वळत होती.

इकडे बिल्डिंगमध्ये दाढेनं जोर धरला होता. वहिनींनी ती चूक दुरुस्त केली नाही. "मी कुठे खोटं बोलले? दाढ तुम्ही म्हणालात," हा त्यांचा पुढचा खुलासा. त्यांच्या घरी लवंगा आल्या, मिठाच्या गुळण्या आल्या, कुणाच्या तरी भाच्याच्या डेंटल क्लिनिकचं कार्ड आलं. जयंतीकाकू लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन आल्या आणि "आ कर" म्हणून समोर उभ्याच राहिल्या. वहिनींनी कसंबसं सांगितलं, की झोपताना लावीन.

आणि मी. माझा स्वतःचा एक दात इम्प्लांटचा आहे, त्यामुळे या विषयात मला बोलण्याचा अधिकार आहे अशी माझी समजूत होती. जिन्यात गाठून मी त्यांना म्हटलं, "वहिनी, दोन्ही एकदम काढू नका. आधी एक काढा, एक ठेवा. चावायला लागतो."

वहिनींच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. "चावायला तसा उपयोग नव्हता हो, भाऊ."

"म्हणजे नुसत्या शोभेच्या?"

"शोभेच्याच म्हणायच्या."

"मग कशाला ठेवता? पण हां, नवीन बसवून घ्या. नाहीतर आतली जागा बसते, चेहरा ओघळतो."

"ओघळलं तर लोक बघतात?" हे मात्र त्यांनी खरंच विचारलं. मला तेव्हा वाटलं, दाढेसाठी केवढी ही काळजी!

"चार दिवस बघतात," मी म्हणालो. "पाचव्या दिवशी ज्याला त्याला स्वतःची दाढ आठवते."

घरी येऊन मी हे सगळं मृणालिनीला ऐकवलं. ती "दूध उतू जातंय" म्हणून स्वयंपाकघरात पळाली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दूध फ्रिजमध्ये होतं, हे मला नंतर आठवलं.

निकाल लावला तो गंधालीनं. दिवाळीच्या आधी ही मुलगी नऊवारीच्या ट्रायलला आली होती. भांडुपची, शिडशिडीत, सपाट अंगाची. होणाऱ्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, की फोटो चांगले यायला हवेत, तेव्हा आतून जरा भरीव काहीतरी घाल. ती भरीव गोष्ट पिशवीत घेऊन मुलगी मान खाली घालून उभी होती. वहिनींनी दार लावलं, टाचण्या हातात घेतल्या आणि आपलं वाक्य म्हटलं. साडी अंगाला बसवायची असते, अंग साडीला बसवायचं नसतं.

गंधाली म्हणाली, "तुम्हाला बोलायला काय जातं, मावशी? तुमचं बघा ना."

मुलीनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. हेवाच होता तो, साधा, तोंडावर आलेला. पण वहिनींच्या हातातल्या टाचण्या हातातच राहिल्या. इतकी वर्षं शेकडो मुलींना सांगितलेलं वाक्य आज पहिल्यांदा उलटून त्यांच्याकडे आलं होतं. मग त्यांनी ती पिशवी बाजूला ठेवली आणि गंधालीला साडी नेसवायला घेतली. पदर नेहमीपेक्षा अरुंद घेतला, तिरका काढला, गळ्याजवळ एक जास्तीची चुणी दिली. मुलीनं आरशात बघितलं आणि तिचे खांदे आपोआप मागे गेले.

ती गेल्यावर वहिनींनी मृणालिनीला फोन केला. "नव्या नाही बसवायच्या. ओढून शिवायचंही नाही. काढायच्या फक्त."

"नक्की?"

"अगं, मी पाहुण्यांवर रागावलेली नाही हं. मजेत राहिल्या, माझी हौस केली त्यांनी. पण पाहुण्या गेल्या म्हणून कुणी दुसऱ्या भाड्यानं आणत नाही. आणि माझ्या अंगाला साडी मला बसवता येत नसेल तर मी एवढी वर्षं केलं काय?"

रात्री जेवताना त्यांनी दशरथरावांना सांगितलं. दशरथरावांनी हातातला घास ताटात ठेवला, खिडकीबाहेर बघितलं आणि स्टोअरमधून तोच जुना बोल्ट काढून दिला. "दुखूचा नाय मां?"

"तेव्हा विचारलंत तेव्हा मी नाही म्हटलं होतं आणि आठवडाभर कळवळत होते," वहिनी म्हणाल्या. "या वेळी खरं सांगते. दुखेल."

"मग मी थंयच ऱ्हवतंय," दशरथराव म्हणाले. मी तिथेच राहतो. आणि खरंच, ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हा माणूस असा बसून राहिला, की झाडूवाली त्यांचे पाय उचलून खालून झाडून गेली.

सगळं ठीक झालं. तपासणीचा रिपोर्टही स्वच्छ आला. घरी आल्यावर खरा छळ सुरू झाला, तो खाण्याचा. वहिनींना भूक लागलेली कडकडीत, आणि घरात प्रत्येक मजल्यावरून पेज, मऊ भात, कुस्करलेल्या केळ्याचं शिकरण असा ओघ. कुणी चावायचं म्हणून काही आणेचना. सुक्या बोंबलासाठी त्या तळमळत होत्या. शेवटी मृणालिनीनं ऑफिसच्या डब्यातून तळलेले बोंबील लपवून नेले, आणि वहिनींनी ते असे कुरकुरवले की भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून दशरथरावांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागला.

चंद्रप्रकाशना फक्त एक शंका आली. "दाढ काढल्यावर हात का वर करत नाहीत वहिनी?"

"नस असते ती," मृणालिनी म्हणाली. "दाढेतून खांद्यात जाते." त्यांनी हे नवं ज्ञानही पंपाबरोबर वर चढवलं.

संक्रांत आली. वहिनींच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं. आणि त्या दिवशी वहिनी काय नेसतात हे बघायला बायका येतात, तिळगूळ निमित्ताचा. ऑपरेशननंतर त्या लोकांसमोर नीट नेसून उभ्या राहिल्या नव्हत्या. सैल गाऊन, वरून ओढणी, थंडीचं निमित्त. मृणालिनी म्हणाली, दुपारभर त्या बंद दारामागे होत्या. तीन साड्या काढल्या, तीन टाकल्या. कुणाला आत येऊ दिलं नाही.

घरातल्या पुरुषांना अशा वेळी घराबाहेर काढतात. मी आणि दशरथराव जिन्याच्या पायरीवर तिळाच्या वड्या घेऊन बसलो होतो. दार अर्धं उघडं होतं. वहिनी बाहेरच्या खोलीत आल्या आणि आतला कलकलाट एकदम थांबला. मला एवढंच दिसलं, की काळी चंद्रकळा आहे, पदर अरुंद आणि तिरका आहे, गळ्याजवळ एक जास्तीची चुणी आहे, आणि त्या ताठ उभ्या आहेत. दशरथरावही मान लांब करून बघत होते. त्यांची वडी हातातच होती.

"काय गं, वेगळीच दिसतेस," आतून जयंतीकाकूंचा आवाज आला. "दाढेनं खंगलीस का? बरं, नाव घे आधी!"

हळदीकुंकवाला नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यावं लागतं, तिथे सुटका नाही. वहिनी खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"वीस वर्षं राहिल्या पाहुण्या, हसत केली पाठवणी,
दाढ नव्हती गं बायांनो, ही छातीची कहाणी;
'दुखूचा नाय मां?' एवढंच ज्यांनी विचारलं दोन्ही वेळा,
दशरथरावांचं नाव घेते, जमला सख्यांचा मेळा!"

मग वहिनींनी सरळ मराठीत सगळं सांगितलं. काय बसवलं होतं, का, काय झालं, काय काढलं. जिन्यावर मी वडी गिळायला विसरलो. 'एक ठेवा, चावायला लागतो' हे माझं वाक्य माझ्याच कानात वाजत होतं. दशरथराव शांतपणे म्हणाले, "तुमी चांगल्या मनान सांगलात."

आत पहिला आवाज फुटला तो जयंतीकाकूंचा. "म्हणजे ते उकडे तांदूळ..."

"नाही, काकू."

"अगं मेले! अख्खं पोतं संपवलं मी! वर्षभर ह्यांनाही तेच खायला घातलं!" आणि जरा थांबून, "आणि माझं लवंगेचं तेल कुठे लावलंस?"

मग जे हसू फुटलं ते खालच्या रस्त्यावर ऐकू गेलं असेल. हसता हसता एकेक प्रश्न सुरू झाले. दुखलं का, टाके किती, नवऱ्यानं काय म्हटलं, आता कुशीवर झोपता येतं का. "दोन्ही कुशींवर," वहिनी म्हणाल्या, "आणि पालथीसुद्धा. वीस वर्षांत पहिल्यांदा." गलका ओसरल्यावर दुसऱ्या मजल्याची माधुरी, जी एरवी कुणाशी फार बोलत नाही, ती वाण घेताना हळूच म्हणाली, "ताई, मलापण एक दाढ दाखवायचीय. बरेच दिवस झाले. तुमच्या डॉक्टरांचा नंबर द्या ना."

वहिनींनी नंबर दिला नाही. "उद्या अकरा वाजता तयार राहा," म्हणाल्या. "मी येते बरोबर."

तेव्हापासून आमच्या बिल्डिंगच्या बायकांत 'दाढ' या शब्दाला नवा अर्थ आला आहे. जे घरात बोलता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, लाजेनं अंगावर काढलं जातं, ते सगळं आता दाढ. "दाढ दाखवून आलीस का?" असं एकमेकींना जिन्यात उघडपणे विचारतात, आणि पुरुषमंडळी दातांच्या खर्चाची काळजी करत बाजूनं निघून जातात.

नाक्यावरचा फ्लेक्सही बदलला. त्याच अंजिरी पैठणीत, कमरेवर तोच हात, पण फोटो यंदाचा. रिक्षावाले अजूनही तिथूनच लेफ्ट मारतात.

चंद्रप्रकाशना मात्र कुणी काही सांगितलं नाही. परवा ते फ्लेक्सखाली उभे राहून वर बघत होते, तेवढ्यात वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या.

"वहिनी, खरं सांगू?" ते म्हणाले. "दाढा काढल्यापासून तुमच्यात काहीतरी बदललंय बघा. नक्की काय ते सांगता येत नाही."

"मलाही तसंच वाटतं," वहिनी म्हणाल्या, आणि पिशवी डाव्या हातात घेऊन, पूर्वी कळ यायची तो उजवा हात सहज वर करून त्यांनी त्यांना टाटा केला.